मेळावा नंतर, आधी मूठमाती

पत्र

मावशी, सलाम.

मी सोलापुरातल्या एका जुन्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, वाढले. वय २९, नोकरी एका पतसंस्थेत, आणि दोन वर्षांपासून तरुण संघाची सेक्रेटरी आहे. आमच्या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड, इंग्रजी अशा किती मंडळ्या भरतात ते मोजायला बसलं तर बोटं पुरत नाहीत. मिशनच्या काळातली जुनी चर्चेस, कॅथलिक, पेंटेकॉस्टल, शिवाय पत्र्याच्या शेडात आणि घराच्या गच्चीवर भरणाऱ्या संगती. येत्या जानेवारीत ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना सप्ताहात सगळ्यांची मिळून एक मोठी उपासना घ्यायची आणि तिथूनच विडी वळणाऱ्या बायकांसाठी काही काम उभं करायचं, असं आम्ही आठ-दहा जणांनी ठरवलं.

चार महिने दारोदार फिरलो. एक पाळकसाहेब म्हणाले, प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेणं, एकत्र नसेल तर कसलं ऐक्य? दुसरे म्हणाले, प्रभुभोजन ठेवणार असाल तर आम्ही येणार नाही. एका पास्टरांना वाटतं, त्यांची माणसं ओढून नेण्यासाठीच हे चाललंय. बॅनरवर कुणाचं नाव आधी, यावरून एक बैठक मोडली. आमच्याच पंच कमिटीतले एक वडील म्हणाले, समाजकार्य करायचं तर संस्था काढा, चर्चमध्ये राजकारण आणू नका. गेल्या पावसाळ्यात पलीकडच्या वस्तीतल्या एका छोट्या संगतीतल्या विडी कामगार बाई वारल्या, त्यांना पुरायला जागा मिळेना, मुलगा सकाळपासून संध्याकाळपर्यंत फिरत होता, तेव्हासुद्धा कुणी एकत्र आलं नाही. मग उपासनेला कोण येणार? आम्ही हा नाद सोडून द्यावा का?

तुमची,
एक सेक्रेटरी, सोलापूर

उत्तर

सलाम, मुली.

नाद सोडू नकोस. पण आधी त्या बाईंचं बोलू.

तुझ्या पत्रात प्रभुभोजनाचा वाद आहे, बॅनरचं भांडण आहे, पंच कमिटी आहे. त्या बाईंवर एकच वाक्य आहे, तेही दुसरं काही पटवून देताना ओघात आलेलं. मला त्या वाक्याच्या पुढे जाता येईना. पावसाचा दिवस, घरात मयत, आणि पोरगा एका दफनभूमीच्या कमिटीकडून दुसरीकडे. कुणी सांगितलं असेल, तुमचं नाव आमच्या रजिस्टरात नाही. कुणी म्हटलं असेल, तुमच्या पास्टरांचं पत्र आम्ही धरत नाही. कुणी वर्गणीची थकबाकी काढली असेल. हे मी मनाने रचून सांगत नाही. असे तीन प्रसंग मी जवळून पाहिले आहेत, आणि त्यातल्या एका वेळी 'रजिस्टरात नाव नाही' असं सांगणाऱ्या कमिटीत मी स्वतः बसले होते. मी गप्प राहिले. त्या माणसाचा थोरला भाऊ दाराशी उभा होता, चपला हातात घेऊन, कारण बाहेर चिखल होता आणि आमची फरशी खराब होऊ नये असं त्याला वाटत होतं. ती गोष्ट मी कुणाला फारशी सांगितलेली नाही. तुझ्या पत्रामुळे सांगते आहे.

तू विचारतेस, मयतीला एकत्र आले नाहीत ते उपासनेला कसे येतील. मी ते उलट बाजूने बघते. मयतीला एकत्र येत नाही, म्हणूनच आपल्या एकत्र उपासना पोकळ वाटतात. तुझ्या आठ-दहा जणांनी आपलं काम तिथून धरावं. मंच, बॅनर, जनरेटर, पाहुणे वक्ते हे सगळं पुढच्या वर्षी बघता येईल.

मीही मेळावा घेतलेला आहे. नऊ मंडळ्या, मोठा मांडव, बाहेरगावचे वक्ते, सगळ्या गायकमंडळांचा मिळून एक कोरस. त्या संध्याकाळी खूप जणांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही, आणि ते पाणी खोटं नव्हतं. पण दुसऱ्या रविवारी जो तो आपापल्या दाराआड. उरलेलं अर्पण कसं वाटायचं यावर सहा महिने गेले, आणि त्या सहा महिन्यांत जेवढं कडू बोललं गेलं तेवढं मेळाव्याआधीच्या सहा वर्षांत कुणी बोललं नव्हतं. एकमेकांना नीट न ओळखणारी माणसं आम्ही एकदम एका मंचावर नेऊन बसवली होती. ओळख नसताना मान-पान मध्ये येतो, मग नाव आधी कुणाचं हाच प्रश्न उरतो.

आता प्रभुभोजनाचं. दोन्ही पाळकसाहेब खरं बोलताहेत आणि दोघांचंही दुखणं खरं आहे. या दुखण्यावर मोठमोठ्या लोकांनी आयुष्य घालवलंय. नागपूरला २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एक होऊन उत्तर भारतीय चर्च उभं राहिलं, ज्याला आपण सीएनआय म्हणतो. त्याची बोलणी १९२९ साली सुरू झाली होती. ४१ वर्षं! बाळपणी बाप्तिस्मा देणारे आणि मोठेपणी, कबुलीनंतरच देणारे एका छपराखाली राहू शकतात, एवढी एक गोष्ट मान्य व्हायला केवढा काळ गेला ते बघ. बिशप असावेत की नसावेत, आधी दीक्षा घेतलेल्या पाळकांचं काय करायचं, एकेका कलमावर वर्षं गेली. आणि तरीही अमेरिकन मिशनमधून आलेली मेथडिस्ट मंडळी इतकी वर्षं बोलण्यांत राहून अगदी शेवटी बाहेर थांबली. ती आजही वेगळी आहे. ते काम फुकट गेलं असं मी म्हणत नाही, मी सीएनआयमध्येच मोठी झाले. पण ते सिनडचं, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेचं, काम. पतसंस्थेतून सुटून संध्याकाळी स्कूटीवर फिरणाऱ्या पोरींनी ते जानेवारीपर्यंत उरकावं, अशी अपेक्षा देवानेही ठेवलेली नसेल.

तुमच्या उपयोगाची गोष्ट दुसरी आहे. १९५२ साली स्वीडनमधल्या लुंड गावी वेगवेगळ्या चर्चचे लोक जमले होते. त्यांनी आपापल्या मंडळ्यांना एक प्रश्न विचारला. त्याचा अर्थ असा: जिथे खोल श्रद्धेच्या फरकामुळे नाइलाजाने वेगळं राहावं लागतं तेवढं सोडून बाकी सगळं आपण एकत्र का करू नये? हा प्रश्न विचारला की पुरावा द्यायची पाळी पलटते. एकत्र का यायचं, हे सांगत तू चार महिने फिरलीस. आता वेगळं का राहायचं, हे त्यांनी सांगावं. प्रभुभोजन वेगळं का? त्याला कारण आहे, श्रद्धेचं आहे, ते मान. कॅथलिक फादर मिस्सामध्ये सगळ्यांना ख्रिस्तशरीर देऊ शकत नाहीत, तो त्यांचा हट्ट नव्हे, त्यांच्या चर्चचा नियम आहे. पण त्याच चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, इतर ख्रिस्ती बांधवांबरोबर प्रार्थना करायला वाट मोकळी केली, आणि पाण्याने, पिता-पुत्र-पवित्र आत्म्याच्या नावाने झालेला आपला बाप्तिस्माही ते मानतात. म्हणजे शास्त्रवाचन एकत्र होतं, स्तोत्रं एकत्र होतात, पापांगीकार एकत्र होतो. प्रभुभोजन तेवढं ठेवू नका. आणि पहिल्या पाळकसाहेबांना जाऊन सांग, "साहेब, तुम्ही म्हणता ती उणीव खरी आहे, ती आम्हालाही टोचते." टोचत राहू दे. झाकून ठेवलं तर तिच्यासाठी प्रार्थना कोण करणार?

मग हाच प्रश्न दफनभूमीला लाव. मूठमाती वेगळी का? कोणत्या वचनावरून? कोणतं मतांगीकारपत्र, म्हणजे श्रद्धेचं कबुलीपत्र, सांगतं की शेडातल्या संगतीत बाप्तिस्मा झालेल्या बाईला जुन्या मंडळीच्या मातीत जागा नाही? असं वचन नाही. आहे ती जागेची टंचाई, पैशाची चणचण, आणि 'हे आमच्या वाडवडिलांचं आहे' ही भावना.

ती भावना कुठून आली तेही समजून घे, म्हणजे वडिलांशी बोलताना राग येणार नाही. मिशनच्या काळात परदेशी मिशनांनी एकमेकांत जिल्हे वाटून घेतले होते, एकाच्या हद्दीत दुसऱ्याने जायचं नाही असं. आपलं सोलापूर अमेरिकन मराठी मिशनकडे होतं. त्यामुळे जुन्या मंडळ्यांच्या हाडीमाशी भिनलंय की इथलं ख्रिस्ती म्हणजे आपण. पुढे रेल्वे, लष्कर, गिरण्या, माग यांच्याबरोबर माणसं येत गेली, आपापली भाषा आणि आपापली भजनं घेऊन. नंतर पेंटेकॉस्टल मंडळ्या वाढल्या. वाटणी कधीच मोडली, पण मनातलं कुंपण तसंच आहे.

काम कसं करायचं? एका पानाचा कागद करा, एकच पान. त्यात एवढंच असावं: कोणत्याही मंडळीतल्या माणसाची मयत झाली आणि तिच्या पाळकाने पत्र दिलं, तर जागा मिळेल. फी सगळ्यांना सारखी. मयतीच्या दिवशी वर्गणी, थकबाकी, रजिस्टर यातलं काही काढायचं नाही. जे बोलायचं ते पंधरा दिवसांनी. मातीची उपासना त्या माणसाचाच पाळक घेईल, आणि दफनभूमी ज्यांची आहे त्यांच्यातलं कुणीतरी एक वचन वाचेल. हे शेवटचं मुद्दाम घाल. परक्या घरच्या मयतीत वचन वाचलेला माणूस पुढच्या बैठकीत बॅनरवरून भांडत नाही, हे मी पाहिलं आहे. आणि प्रत्येक दफनभूमीसाठी दोन फोन नंबर, एक रात्रीचाही. मयत काही ऑफिसची वेळ बघून होत नाही.

सगळे सही करणार नाहीत. तीन करतील. तिघांवर सुरू करा. ज्या कमिटीच्या जागेचा ट्रस्ट आहे तिथे ट्रस्टचे नियम आधी वाचून घ्या, कारण नियमातच 'फक्त सभासद' असं असेल तर बिचाऱ्या सेक्रेटरीला शिव्या देऊन उपयोग नाही, दुरुस्तीचा ठराव करून धर्मादाय आयुक्तांकडे जावं लागेल. आणि जागा खरोखरच अपुरी असेल, तर महापालिकेकडे नवी जागा मागायला सगळ्यांनी मिळून जा. बारा मंडळ्यांचे बारा अर्ज बारा टेबलांवर पडून राहतात. बारा सह्यांचा एक अर्ज, सोबत फादर, पाळकसाहेब आणि शेडातले पास्टर असे तिघे एका बाकावर, हे महापालिकेलाही वेगळं दिसेल.

माणसं ओढली जाण्याची भीती. ही हसण्यावारी नेऊ नकोस. पेंशनीची सोय असलेल्या पाळकाला ती लहान वाटते. पण शेडात मंडळी चालवणाऱ्या पास्टरचं घर तीस कुटुंबांच्या अर्पणावर चालतं. त्यातली पाच गेली की शेडचं भाडं थकतं आणि पोरांची फी थकते. तो 'मेंढरं पळवली' म्हणतो तेव्हा त्याच्या बोलण्यात अहंकार कमी आणि किराणा दुकानाची वही जास्त असते. त्याला तोंडी आश्वासन पुरणार नाही. लेखी द्या की एकत्र कामात कुणी कुणाला आपल्या मंडळीत ये म्हणणार नाही, आणि कुणी आपणहून आलंच तर आधीच्या पाळकाला फोन केल्याशिवाय आणि त्यांचं पत्र आल्याशिवाय नाव घेणार नाही. पत्राची ही रीत आपल्या जुन्या मंडळ्यांत होतीच. ती परत आणा. जुन्या मंडळ्यांनी आधी पाळली तर बाकीचे पाळतील.

आता तुमच्या पंच कमिटीतले ते वडील. 'चर्चमध्ये राजकारण नको.' मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांच्यासारखे अनेक ओळखते. बहुतेक वेळा ते भित्रे नसतात, त्यांनी मंडळी फुटताना पाहिलेली असते. त्यांना आपल्याच शहरातली एक गोष्ट आठवून दे. सेटलमेंट. इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि त्यांना कुंपणात ठेवलं. सोलापूरची सेटलमेंट मोठी होती, आणि काही काळ तिचा कारभार मिशनकडे होता. मिशनने तिथे शाळा चालवल्या, दवापाणी केलं, लोकांना काम दिलं. ती माया खरी होती. पण तारेच्या आत शाळा चालवणं वेगळं आणि ही तार इथे का आहे हे विचारणं वेगळं. तो कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, आणि त्यासाठी जे बोलले, भांडले, त्यांच्यात मंडळी म्हणून आपला आवाज किती होता, हे आपण आपल्याला विचारलं पाहिजे. बायबलमधला मीखा संदेष्टा देवाला काय हवं ते सांगताना दयेच्या आधी न्यायाचं नाव घेतो. ब्लँकेट वाटणं ही दया. तिला कुणी राजकारण म्हणत नाही. तार का आहे हे विचारलं की लगेच म्हणतात. वडिलांशी वाद घालू नकोस. त्यांना एक दिवस विडी वळणाऱ्या बाईच्या घरी घेऊन जा आणि बसव.

कारण तुमच्या मनातलं 'विडी कामगार बायकांसाठी काही काम' अजून फार ढोबळ आहे. काय काम? साड्या? धान्याच्या पिशव्या? कृपा करून नको. त्या बायका भिकारी नाहीत. कारखान्याच्या ब्रँचमधून पानं आणि तंबाखू आणायचा, पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायचं, आणि संध्याकाळी मोजून द्यायचं. त्यातली छाट, म्हणजे नापास ठरवलेल्या विड्या, निघाली की ती मेहनत गेली. मजुरी हजारावर. मान, डोळे, छाती, सगळं त्या सुपात जातं. घरी बसून वळणारी बाई ही कामगारच आहे आणि तिला भविष्य निर्वाह निधी लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ सालीच सांगितलेलं आहे. हक्क कागदावर आहे. अडतं ते कागदावरच्या नावात. बाईचं माहेरचं तेलुगू आडनाव, सासरचं दुसरं, कारखान्याच्या नोंदीत मराठी कारकुनाने ऐकून लिहिलेलं तिसरं, आधार कार्डावर चौथं. जन्मतारीख तर प्रत्येक कागदावर निराळी. मग पीएफ निघत नाही.

पेन्शनीचंही तसंच. किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. तेवढ्याने काय होतं असं तुला-मला वाटेल, पण म्हातारपणी कुणाच्या तोंडाकडे न बघता येणारे ते हजार रुपये असतात. त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. आयुष्यभर पानं-तंबाखू हाताळून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीनवर ठसा उमटत नाही, आणि जिवंत बाई कागदावर हयात ठरत नाही. आता मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो. किती बायकांना हे माहीत आहे? तुमच्या तरुण संघात प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे. चर्चचा हॉल आठवड्याचे सहा दिवस कुलूपबंद असतो. तू स्वतः रोज पासबुकं आणि केवायसी हाताळतेस. यापेक्षा वेगळं दान देवाने तुम्हाला कोणतं द्यायचं राहिलं?

पण दोन गोष्टी सांभाळा. एक, या बायकांच्या कामगार संघटना सोलापुरात कित्येक वर्षं राबताहेत, लाल बावट्याखाली त्यांनी मोर्चे काढलेत, कुंभारीला हजारो घरांची वसाहत झगडून उभी केली आहे. त्यांच्याकडे आधी जा, शिकायला जा. त्यांना ज्या कागदांची मदत लागते तेवढी करा. आपला वेगळा झेंडा रोवू नका. दुसरी, टेबलावर फॉर्म असतील तेव्हा धर्मप्रचाराची पत्रिका नको, प्रार्थनेची अट नको, नाव-पत्ता लिहून घेऊन मागाहून संगतीचं बोलावणं नको. आजचं वातावरण तुला ठाऊक आहे, कुणी बोट दाखवायला टपलेलं असतं. पण मी भीतीपोटी हे सांगत नाही. हिंदू असो, मुसलमान असो, ती बाई आपल्या हक्कासाठी आली आहे. तिच्या अडचणीचा फायदा घेणं प्रभूच्या नावाला शोभत नाही, एवढं कारण पुरे.

आता जे लिहायला मला जड जातं ते. ऐक्य मोडतं ते बहुतेक वेळा मतांमुळे नव्हे. आपण व्यासपीठावरून म्हणतो की ख्रिस्तात जात नाही, आणि सोयरीक जुळवताना मूळ गाव आणि मूळ समाज विचारतो. कोणती मंडळी कुणाची, हे सोलापुरातल्या जुन्या माणसांना न विचारता माहीत असतं. जी संगती 'शिकली-सवरलेली नाही', 'फार ओरडते' असं म्हणून आपण बाजूला ठेवतो, तिथे बहुतेक कोण बसतं ते एकदा बघ. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलितातून ख्रिस्ती झालेल्या माणसाला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत; १९५६ ला शिखांना, १९९० ला बौद्धांना त्यात घेतलं, ख्रिस्ती बाहेरच राहिले. हा अन्याय आहे आणि त्यासाठी दिल्लीकडे बोट दाखवताना आपल्या सगळ्या मंडळ्यांचा आवाज एक होतो. पण त्याच माणसाला आपल्या पंच कमिटीत किती वेळा घेतलं, हे विचारलं की शांतता. तुमच्या आठ-दहा जणांत शेडातल्या संगतीतलं कुणी आहे का? तेलुगू बोलणारं आहे का? पत्रावरून मला तरी तसं वाटलं नाही. नसेल तर पुढची बैठक त्यांच्याशिवाय घेऊ नकोस, आणि त्यांना 'प्रतिनिधी' म्हणून कोपऱ्यात बसवू नकोस. बैठकच त्यांच्या गच्चीवर घे.

उपासनेचंही बोलते, कारण ती तुमच्या मनातली पहिली हौस आहे आणि ती चांगली आहे. ऐक्याचा सप्ताह १८ ते २५ जानेवारी, १९०८ साली सुरू झाला आणि आता जगभर पाळला जातो. आपल्याकडे तेव्हा गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरलेली नसते, होम मैदानाच्या बाजूला मोठा कार्यक्रम घेणं तसंही अवघड. यंदा मेळावा न घेता एक करा: आठ संध्याकाळी, आठ ठिकाणी, त्या-त्या मंडळीची नेहमीची प्रार्थना जशी चालते तशीच चालू द्या, आणि बाकीच्यांनी पाहुणे म्हणून जाऊन मागच्या बाकावर बसावं. कार्यक्रम नाही, सत्कार नाही, शाल-नारळ नाही. तेलुगू भजनाला टाळी द्यायला शिका. फादरांच्या इथे कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे हे शेजाऱ्याकडे बघून करा. अन्य भाषेत, म्हणजे आत्म्याच्या प्रेरणेने अनोळखी शब्दांत, प्रार्थना सुरू झाली आणि तुला अवघडल्यासारखं झालं, तर डोळे मिटून स्वतःची प्रार्थना कर. एकमेकांच्या घरात गेल्याशिवाय एकत्र घर बांधता येत नाही.

त्याच महिन्याची १२ तारीख आठव. १९३१ साली त्या दिवशी येरवड्यात स्वातंत्र्यलढ्यातले सोलापूरचे चौघे फासावर गेले. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. आपल्या शहरात शाळेतली पोरंही ही चार नावं एका दमात घेतात, आधी कुणाचं आणि मागे कुणाचं असं कुणी विचारत नाही. बॅनरवर भांडणाऱ्यांना एवढं सांगून बघ.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी बायकांचा जागतिक प्रार्थना दिन येतो. १९२७ पासून तो जगभर होतो आहे, आणि महिला संघांच्या जुन्या बायांना विचार, वेगवेगळ्या मंडळ्यांतल्या बाया एकत्र बसून तेच शास्त्रभाग, तीच प्रार्थना कशी करतात. पाळकांच्या बैठका मोडतात तेव्हाही हे काम गाजावाजा न होता चालू असतं. त्या बायांना हाताशी धर. आणि गुड फ्रायडेला वधस्तंभावरची सात वचनं असतात, त्यावर सात जण बोलायची आपली रीत आहे. सात वचनं सात मंडळ्यांच्या माणसांनी घ्यावीत, आणि त्यातलं एक 'मला तहान लागली आहे' हे विडी वळणाऱ्या बाईने. कॅथलिकांची दुपारची उपासना चुकू नये म्हणून वेळ संध्याकाळची ठेवा. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात त्या वचनावर ती काय बोलेल ते ऐकायला मी स्वतः सोलापूरला येईन.

पण हे सगळं त्या घरी जाऊन आल्यावर. या आठवड्यात त्या बाईंच्या मुलाकडे जा. एकटी नको, तेलुगू येणारी एखादी मैत्रीण घेऊन जा, आणि त्यांच्या पास्टरांना आधी कळव. जाताना योजना नेऊ नकोस, ठराव नेऊ नकोस. बस. चहा दिला तर घे. त्या दिवशी आम्ही आलो नाही, हे तुझ्या तोंडाने सांग, आणि तो रागावला तर ऐकून घे. मग विचार, आईचा पीएफ निघाला का? कामावर असताना वारल्या असतील तर विम्याचीही रक्कम वारसाला मिळते, तो दावा केला का? कागदांवर नाव जुळतं का? बहुधा जुळत नसेल. तुमच्या कामातला पहिला फॉर्म तोच असू दे.

जाण्याआधी त्या वस्तीत पाणी कोणत्या दिवशी येतं तेवढं विचारून घे. पाण्याच्या दिवशी कुणाला बसून बोलायला सवड नसते.

तुझी,
मावशी